मिठाच्या खड्यातला दीर्घ उपवास

जोयड्याला समुद्र नाही. तरीही गोव्याच्या आगरांत पिकलेले मीठ एकेकाळी बैलांच्या पाठीवरून घाट चढून वरच्या मुलखात जात असे आणि त्यासोबत खारवलेली मासळीही जाई. पावसाळ्याच्या बेगमीसाठी, म्हणजे आपल्या पुरुमेतासाठी, राखलेल्या खाऱ्या बांगड्यावर कधीकधी गुलाबी-तांबूस थर चढतो. दोष मासळीला दिला जातो; पण हा थर बहुधा मिठातूनच आलेला असतो.

आगरातले पाणी आटून मीठ धरू लागले की ते अनेकदा तांबूस दिसते. हा रंग हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा. जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने याच जीवांकडे बोट दाखविले होते.

मिठाचा स्फटिक घडताना खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब त्यात कोंडले जातात आणि त्यांच्यासोबत हे जीवही. तेथे नवे अन्न पोहोचत नाही. मग ते तगतात कसे? अमेरिकेतील डेथ व्हॅलीच्या भूगर्भातून काढलेल्या २२ ते ३४ हजार वर्षे जुन्या मिठातील काही जीव प्रयोगशाळेत पुन्हा वाढले. त्या मिठातील पेशी आक्रसून इवल्या गोळ्यांसारख्या झाल्या होत्या. अनेक थेंबांत ड्युनालिएला या शेवाळाच्या पेशीही होत्या. खारेपणा सोसण्यासाठी हे शेवाळ ग्लिसरॉल साठवते. ते पाझरून या उपाशी शेजाऱ्यांची शिदोरी होत असावी, असे संशोधकांचे मत आहे. शिवाय हॅलोआर्कियाच्या एका पेशीत डीएनएच्या अनेक प्रती असतात. एक तुटली तर दुसरीवरून ती दुरुस्त करता येते. काही जातींत तर टंचाईच्या काळात याच प्रती फॉस्फेटचा साठा म्हणून खर्ची पडतात. (पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या मिठातून जिवाणू जिवंत काढल्याचा २००० सालचा दावा मात्र आजही वादग्रस्त आहे.)

या जीवांपुढे आपल्या बरणीतली दोन-चार वर्षे किरकोळच. ते माणसाला रोग देणारे म्हणून ओळखले जात नाहीत, पण मासळीचा वास आणि चव बिघडवतात. त्यांना ऊब, ओलावा आणि हवा मानवते. थंडीत त्यांची वाढ फार मंदावते. म्हणून खारी मासळी शीतकपाटात ठेवावी आणि एकदा वापरलेले मीठ वर्षभर कोरडे राहिले तरी ते पुढच्या पुरुमेताला पुन्हा घेऊ नये.