पावडरचा डबा नंतर, आधी रक्त तपासा

पहाटे पाचला ग्राउंड, मग आंघोळ उरकून एसटी धरायची, चिमूरला कॉलेज, संध्याकाळी भरतीचा अभ्यास. रोवणीच्या दिवसांत यात शेतही आलं. एवढं करून दुपारच्या लेक्चरला डोळे मिटायला लागले, की कुणीतरी मोबाइल पुढे करतं. अश्वगंधा, शिलाजित, मोरिंगा... ‘शंभर टक्के नॅचरल एनर्जी’! तुमचाही हात ‘ऑर्डर करा’कडे चाललाय? थांबा जरा. आधी हे सांगा, तुमचं हिमोग्लोबिन किती आहे?

बहुतेकांना माहीत नसतं. बाइकचं मायलेज तोंडपाठ असतं, आपलं हिमोग्लोबिन नाही. मुलींमध्ये ते १२च्या खाली आणि मुलांमध्ये १३च्या खाली गेलं तर त्याला रक्तक्षय म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ५४ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे तुमच्या वर्गातल्या दम लागणाऱ्या, पायऱ्या चढताना थांबणाऱ्या मैत्रिणींपैकी कितीतरी जणी ‘आळशी’ नाहीतच, त्यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा माल कमी आहे. त्यावर अश्वगंधा काय करणार?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी एक गोष्ट आहे, ती मुंबई-पुण्याचा फिटनेसवाला रीलमध्ये सांगत नाही. सिकलसेल. आईवडील दोघांकडूनही हा दोष आला तर माणूस रुग्ण असतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, सांधे दुखतात, थकवा कायमचा. एकाकडूनच आला तर तो वाहक. वाहकाला एरवी काही त्रास होत नाही, त्यामुळे ‘मी वाहक आहे म्हणून दमतो’ हे कारण चालायचं नाही. दमण्याचं कारण वेगळं शोधावं लागेल. पण भरतीची तयारी करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. कडक उन्हात, पाणी न पिता, जीव तोडून धावणं वाहकालाही धोक्याचं ठरू शकतं. स्नायूंना इजा होऊन माणूस कोसळल्याच्या घटना खेळाडू आणि सैनिकांमध्ये नोंदल्या गेल्यात. आपला उन्हाळा कसा असतो, ते वेगळं सांगायला नको. म्हणून वाहक असाल तर १६०० मीटर सोडू नका. पहाटेच धावा, पाणी प्या, वेग हळूहळू वाढवा आणि पाय जड होऊन दुखायला लागले तर ‘अजून एक राउंड’ म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका.

आणि रुग्ण असाल तर लोहाच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने नकोत. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असू शकतं. ‘लोह म्हणजे नॅचरलच ना’ हा हिशेब इथे चुकतो.

आता डब्यांबद्दल. अश्वगंधेच्या शास्त्रीय नावातला ‘सोम्निफेरा’ म्हणजे लॅटिनमध्ये झोप आणणारी! ताण आणि झोप यांसाठी तिच्या मुळाचा काहींना उपयोग होतो, पण ती ग्राउंडवर जाण्याआधीची किक नव्हे. यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. पानांचं काय? २०२१मध्ये आयुष मंत्रालयानेच उत्पादकांना पानं वापरू नका असा सल्ला दिला होता. शिलाजितचं दुखणं वेगळं, शुद्ध केलेलं नसेल तर त्यात शिसं, पारा असे जड धातू असू शकतात. मोरिंगा म्हणजे आपला शेवगा, आपल्याकडचा मुनगा. परसातल्या झाडाचा पाला सोडून त्याचीच पावडर कुरिअरने मागवायची, याला काय म्हणावं!

एनर्जी ड्रिंक नॅचरल नाहीच, पण त्याचाही हिशेब करून बघा. २५० मिलीच्या डब्यात साधारण ७५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. शरीरातून त्यातलं निम्मं जायला पाचेक तास लागतात. रात्री दहाला अभ्यासासाठी प्यायलात तर तीनला निम्मं शिल्लक, आणि पाचला ग्राउंड.

मग खायचं काय? सकाळी काही खाल्ल्याशिवाय एसटीत बसू नका, ही अर्धी लढाई. चहा-बिस्किट म्हणजे नाश्ता नाही. चहातला टॅनिन लोह शोषू देत नाही, म्हणून जेवणाला चिकटून चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा. वरण-भातासोबत मुनग्याची किंवा अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, वर लिंबू पिळलेलं किंवा आवळ्याची फोड. त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. अंडं, मटण, मासे खात असाल तर उत्तमच. धावण्याआधी मोहफुलाचा लाडू खाऊन बघा. वाळलेल्या मोहफुलात बरीचशी साखरच असते, त्यामुळे ती मनुकांसारखी पटकन ताकद देतात. तीळ-शेंगदाणे घातले की पोटाला आधार. मोहफूल म्हटलं की दारूच आठवणाऱ्यांना हसू द्या. २०२१मध्ये राज्याने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवलेत, तेव्हा लाडूला लाजायचं कारण नाही. एवढंच, लाडू म्हणजे लोहाची गोळी नव्हे.

तपासणी कुठे? सरकारी दवाखान्यात. ‘सीबीसी आणि सिकलसेल करायचंय’ इतकं सांगा. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी अपेक्षित आहे, तुम्ही त्यात बसता. सिकलसेलची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तरी घाबरून जाऊ नका. रुग्ण की वाहक, हे पुढच्या चाचणीत कळतं, तेवढ्यासाठी परत जा. रिपोर्टचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, भरतीच्या कागदांच्याच फोल्डरमध्ये.