डोळा डावा, हात उजवा

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका असतो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने याच प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. दोन वर्षांनी कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमधून ५० मीटर रायफलचं कांस्य घेऊन आला. आंबिवलीजवळच्या मोहन्यातल्या एखाद्या घरात मुलीला किंवा मुलाला शूटिंगला घालायचं ठरलं, तर त्यात नवल ते काय? आंबिवलीहून ठाणं लोकलच्या अंतरावर आहे. पण रायफल खांद्याला लावण्याआधी एक गोष्ट बघायला हवी आणि नेमकी तीच बघायची राहून जाते: मुलाचा कोणता डोळा पुढाकार घेतो?

दोन्ही डोळे उघडे असले तरी नेम धरताना मेंदू एकाच डोळ्याचं ऐकतो. इटालियन विद्वान जांबातिस्ता देल्ला पोर्ता याने १५९३ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. दहातली नऊ माणसं उजव्या हाताची असतात. उजवा डोळा मात्र साधारण दोन तृतीयांश लोकांचाच प्रबळ असतो. म्हणजे हात उजवा आणि डोळा डावा अशी मुलं प्रत्येक वर्गात सापडतील. त्यांच्यात काहीही बिघडलेलं नसतं.

तपासणी घरीच होते. मुलाने दोन्ही हात लांब करून तळव्यांची छोटी खिडकी करायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून समोर बसलेल्या आईच्या नाकाकडे बघायचं. त्या खिडकीत आईला मुलाचा जो डोळा दिसेल, तो प्रबळ. एकदा बघून निकाल लावू नये. वेगवेगळ्या अंतरांवरून, वेगवेगळ्या दिवशी बघावं. एका डोळ्याला कमी दिसतंय अशी शंका आली, तर कोचच्या आधी नेत्रतज्ज्ञ गाठावा, कारण आळशी डोळ्यावरचे उपचार लहानपणीच जास्त लागू पडतात.

हे न तपासता रायफल उजव्या खांद्याला लावली की गाल दस्त्यावर टेकतो, उजवा डोळा मागच्या साइटच्या भोकापाशी येतो, आणि डावा डोळा मधेमधे चित्र हिसकावून घेतो. मग मूल मान वाकडी करतं, गाल उचलतं, डावा डोळा गच्च मिटतं. एक डोळा मिटला की दुसऱ्याची बाहुलीही थोडी मोठी होते, चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि काही वेळाने नजर थकते. "लक्ष दे" असं ओरडून यातलं काहीच सुधारत नाही.

उडत्या चकतीवर शॉटगन चालवणाऱ्यांना याचा फटका आणखी मोठा. तिथे मागची साइटच नसते, डोळा हीच मागची साइट. उजव्या खांद्याला बंदूक आणि प्रबळ डोळा डावा असेल, तर छर्रे चकतीच्या डावीकडून जातात.

पिस्तुलात मात्र फारशी अडचण नाही. हात लांब असतो. मान आणि उभं राहण्याचा कोन जरासा बदलला की उजव्या हातातलं पिस्तूल डाव्या डोळ्यासमोर येतं.

रायफलसाठी वाटा दोन. पहिली म्हणजे डाव्या डोळ्यासमोर पट्टी. आंतरराष्ट्रीय नियमांत ती ३० मिलिमीटरपर्यंत रुंद चालते. ती काळी नको, दुधी असावी, म्हणजे उजेड दोन्ही डोळ्यांना सारखा मिळतो. दुसरी वाट खांदाच बदलण्याची. वर्षानुवर्षं उजवीकडून खेळलेल्या नेमबाजाला पट्टीच बरी. पण दहा-बारा वर्षांच्या नवख्या मुलाला आधी डावा खांदा देऊन बघावा, कारण त्याच्या अंगाला अजून कोणतीच सवय जडलेली नसते. डावीकडून शरीर स्थिर राहत नसेल, तर पट्टीकडे वळता येतंच. डाव्या हाताच्या रायफली नामांकित कंपन्या बनवतात. मात्र चांगली मॅच रायफल लाखाच्या पुढे जाते, त्यामुळे खांदा ठरवायचा तो खरेदीच्या आधी, क्लबच्या रायफलवर.

डावं कसं जमणार, ही घरच्यांची धास्ती खोटी नाही. त्यांना हंगेरीच्या कारोली ताकाचचं उदाहरण सांगावं. १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात त्याचा उजवा हात निकामी झाला. तो डाव्या हाताने पिस्तूल चालवायला शिकला आणि १९४८ ला लंडनमध्ये, १९५२ ला हेलसिंकीत ऑलिंपिक सुवर्ण जिंकला. त्याने हे शिकायला घेतलं ते ऐन अठ्ठाविसाव्या वर्षी.