उचल, कोयता आणि कायद्यातली एक अट

आज ऊसतोड कामगारांबद्दल बोलूया.

दिवाळीच्या आसपास बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून माणसं ट्रॅक्टर-ट्रकमध्ये संसार भरून निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी थेट कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने फडाजवळची खोपी हेच घर.

आता हिशेब बघा. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'कोयता' म्हणतात. हंगामाआधी मुकादम जोडीला उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. मग टनावर मजुरी लागते आणि ती उचलीतून वळती होते. खाडा पडला की दंड. हंगाम संपूनही उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर. दुखणं अंगावर काढायचं की दंड भरायचा, हा प्रश्न बाईपुढे रोजचा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीडमधल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

मग कायदा काय करतो? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात प्रवासभत्ता, राहायची सोय, मोफत औषधोपचार असं सगळं होतं. पण एक अट होती, राज्याची सीमा ओलांडायला हवी. बीडहून बेळगावला गेलात तर लागू, कोल्हापूरला गेलात तर नाही! आम्ही कोडवाले याला चुकलेली इफ कंडिशन म्हणू. २०२० च्या नव्या संहितेनं स्वतःहून गेलेल्या कामगारालाही धरलं, पण 'एका राज्यातून दुसऱ्या राज्यात' ही अट तशीच ठेवली.

म्हणजे कोल्हापूरला गेलेल्याच्या हातात काहीच नाही? आहे. राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीला बंदी करतं. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबावं लागणं हीसुद्धा सक्तीच, कारण गरिबीही माणसाला भाग पाडते. आणि १९७६ चा कायदा म्हणतो, वेठबिगारीचं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. तो राबवायचं काम जिल्हाधिकाऱ्यांचं.

सोशल वर्क म्हणजे फक्त ब्लँकेट वाटणं नाही. उचलीचा हिशेब कागदावर आणणं, पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह सुरू करायला लावणं, हेही त्यातच येतं.

तुमच्या गावाशेजारी खोप्या पडल्या असतील, तर जाऊन विचारा: इथल्या दुकानात रेशन मिळतंय का? पोरं शाळेत जातात का? काय कळलं ते व्हॉइस नोटवर पाठवा. भेटूच!