पेशी जागा सोडते तेव्हा

चंद्रपूर जिल्ह्यात माणिकगडच्या डोंगरावर जिवतीत, खाली गडचांदूर-राजुऱ्यात आणि पलीकडे गडचिरोलीभर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकमध्ये घोटून खर्रा होतो. तो गालात धरतात आणि तोंडाचा कर्करोग पुष्कळदा गालाच्या त्या अस्तरातच सुरू होतो. तो तिथेच राहिला तर कापून काढता येतो. पण मानेतल्या एका लसिकाग्रंथीत जरी पोचला, तरी रुग्ण वाचण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते.

शेजारणींना घट्ट धरून बसलेली पेशी चालू कशी लागते? ही पकड ई-कॅडहेरिन या प्रथिनाची असते. पसरणाऱ्या कर्करोगात ते अनेकदा घटतं आणि व्हायमेंटिन वाढतं. पेशीच्या आत तीन प्रकारच्या तंतूंचा सांगाडा असतो: सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचं ॲक्टिन, २५ नॅनोमीटरच्या सूक्ष्मनलिका आणि १० नॅनोमीटरचे मधले तंतू, ज्यांत व्हायमेंटिन आणि केराटिन येतात. ॲक्टिन पेशीची कड पुढे ढकलतं, हे सर्वांना ठाऊक होतं. मधले तंतू मात्र बरीच वर्षं नुसता आधार मानले गेले.

हा समज बदलण्यात खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातल्या डॉ. मिलिंद वैद्य यांच्या प्रयोगशाळेचा वाटा मला फार मोलाचा वाटतो. केराटिन ८ आणि १८ ही जोडी यकृत, आतडं अशा एकपदरी अस्तराची. प्रौढांच्या तोंडाच्या अनेकपदरी अस्तरात ती एरवी आढळत नाही, कर्करोगात मात्र दिसू लागते. या गटाने तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींत केराटिन ८ कमी केलं, तेव्हा त्यांचं सरकणं आणि आसपास घुसणं मंदावलं. उंदरांत गाठ धरण्याची ताकदही घटली. म्हणजे भलत्या जागी आलेलं हे प्रथिन रोगाची नुसती खूण नाही, त्याचा त्यात हात आहे. या कामाची वाट जुनी आहे. ॲक्ट्रेकचं मूळ असलेल्या, १९५२मध्ये परळला डॉ. वसंत खानोलकरांनी उभारलेल्या कर्करोग संशोधन केंद्रातच कमल रणदिवे यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा सुरू केली होती.

केराटिन ८वर नेम धरणारं औषध अजून बाजारात नाही. पण पेशी गुपचूप निघालेल्या असतात, याचा हिशेब शस्त्रक्रियेने मांडला आहे. डॉ. अनिल डिक्रूझ आणि टाटा मेमोरियलमधल्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सगळ्यांचा रोग सुरुवातीच्या टप्प्यातला, मानेत गाठ हाताला न लागणारी. काहींच्या मानेतल्या ग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या. बाकीच्यांवर लक्ष ठेवून, गाठ आल्यावर मानेची शस्त्रक्रिया केली. तीन वर्षांनंतर पहिल्या गटात ८० टक्के जगले, दुसऱ्यात ६७.५.

जिवतीच्या रुग्णासाठी या आकड्यांचा अर्थ आणखी मोठा आहे. लक्ष ठेवणं म्हणजे पुन्हापुन्हा तपासणीला जाणं. कोलाम आदिवासींच्या गुड्यातून, म्हणजे पाड्यातून, रोजी बुडवून, गाड्या बदलत शहरातल्या रुग्णालयात दर थोड्या आठवड्यांनी कोण पोचणार? टाटा मेमोरियलच्या त्या चाचणीत तर तपासण्या ठरलेल्या होत्या. तरीही वाट पाहिलेल्या गटात मानेतला रोग सापडला तेव्हा तो बहुधा पुढच्या टप्प्यात गेलेला होता.