मुख्याध्यापकांच्या हाती काय असतं?

जिल्हा परिषद शाळेत शिक्षकांचा पगार ‘शालार्थ’ प्रणालीतून होतो, बदलीचा आदेश जिल्ह्याहून निघतो. चांगल्या कामासाठी मुख्याध्यापकांना ना वेतनवाढ देता येते, ना बढती. हाती उरतं ते वेळापत्रक, वर्गवाटप आणि लॉगबुक. पाठ पाहून त्यात ‘समाधानकारक’ एवढंच लिहिण्याऐवजी ‘अपूर्णांकासाठी भाकरीचे तुकडे करून दाखवले, मागच्या बाकावरची मुलंही बोलती झाली’ असं नोंदवलं, तर आपलं काम कुणीतरी नीट पाहिलं, हे शिक्षकाला कळतं. माझ्या मते याहून मोठी शाबासकी नाही. मात्र २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५०च्या वर असेल तर. लहान शाळांत स्वतःचा वर्ग सांभाळून सहकाऱ्याचा पाठ पाहायला तास काढणंच कठीण.