चाकांवरची निवृत्ती (लेखांक ५) : किती फुटांचं घर?

मागच्या लेखांकात राहतं घर विकल्यावर कायदेशीर पत्ता कुठला ठेवायचा, हा गुंता सोडवला. आता गाडी. तिच्याबद्दलचा पहिला प्रश्न लांबीचा.

याचं उत्तर विक्रेत्याच्या आवारात शोधू नये. तिथे गाडी सपाट जागी उभी असते, स्लाइड-आऊट, म्हणजे भिंतीबाहेर सरकणारे भाग, बाहेर काढलेले असतात, कपाटं रिकामी, टाक्या कोरड्या आणि बाहेर छान ऊन. आधी चाळीस फुटी गाडीत शिरलात की पाय पसरावेसे वाटतात. मग पंचविसात पाऊल टाकलं की कोंडल्यासारखं होतं. ही किमया बरीचशी दाखवण्याच्या क्रमाची असते आणि तो क्रम विक्रेत्याला पाठ असतो.

अमेरिकेतल्या मोटरहोमचे तीन वर्ग तुम्हाला एव्हाना माहीत झाले असतील. क्लास बी म्हणजे व्हॅन, साधारण १७ ते २४ फूट. क्लास सी म्हणजे ट्रकची केबिन कायम ठेवून मागे बांधलेलं घर. साधारण २० ते ३३ फूट. क्लास ए म्हणजे बससारखी सपाट तोंडाची गाडी, २६ पासून थेट ४५ फुटांपर्यंत. वर्ग लक्षात ठेवा, पण त्यांच्या नावांत अडकू नका. तीस फुटी सी आणि तीस फुटी ए यांच्यात राहण्याच्या दृष्टीने जेवढा फरक आहे, त्याहून मोठा फरक तीस फुटी ए आणि चाळीस फुटी ए यांच्यात आहे.

लांबीचा त्रास फुटाफुटाने वाढत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. २५ ऐवजी २९ घेतलीत तर काहीच बिघडत नाही, आणि ३४ ऐवजी ३६ घेतलीत तर एकदम दारं बंद होऊ लागतात. या पायऱ्या कुठे आहेत हे कळलं की निम्मा निर्णय झाला.

पहिली पायरी २१ फुटांची. मोंटानामधल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात गोइंग-टू-द-सन रोड आहे. १९३२ साली पूर्ण झालेला, डोंगराच्या कड्यात कोरून काढलेला. अ‍ॅव्हलांच आणि रायझिंग सन या दोन टोकांच्या मधल्या भागात बंपर धरून २१ फुटांहून लांब किंवा आरसे धरून ८ फुटांहून रुंद गाडीला मनाई आहे. म्हणजे तिथे आखूड व्हॅन जाते. २४ फुटी क्लास सी जात नाही आणि ४० फुटी बसही जात नाही. युटामधल्या झायनचा जुना बोगदा १९३० चा. तिथे अडतं ते ७ फूट १० इंच रुंदीला आणि ११ फूट ४ इंच उंचीला. अशा गाड्यांसाठी समोरची वाहतूक थांबवून त्यांना मधून सोडत; २०२६ च्या जूनपासून त्या दुसऱ्या रस्त्याने वळवण्याचं उद्यानाने जाहीर केलं आहे. तेव्हा राष्ट्रीय उद्यानांत कुठेही जाता यावं म्हणून २४ फुटी घेणाऱ्यांनी नीट ऐकावं. या दोन ठिकाणी तुमची २४ आणि शेजाऱ्याची ३२ एकाच रांगेत आहेत.

मग व्हॅनच का घेऊ नये? तीन महिने फिरायचं असेल तर जरूर घ्या. पण बारा महिने, दोघांनी, साठी उलटल्यावर? बहुतेक व्हॅनमध्ये संडास आणि शॉवर एकाच कोंदट खणात. आंघोळ झाली की सगळं पुसायचं. कित्येक मांडण्यांमध्ये बसायच्या बाकांचा रोज पलंग करायचा आणि सकाळी पुन्हा बाक. पाठीला उसण भरली की त्या कसरतीची किंमत कळते.

पुढच्या पायऱ्या तीसच्या आसपास आणि पस्तिशीला. याचं कारण गाड्यांमध्ये नाही, इतिहासात आहे. सरकारी कॅम्पग्राउंडपैकी बरेच १९३३ ते १९४२ या काळात सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या बेकार तरुणांनी बांधले. तेव्हा लोक मोटारीच्या मागे तंबू बांधून येत. झाडांमधून वळणं घेत गेलेले ते अरुंद रस्ते आणि त्या आखूड जागा अनेक ठिकाणी अजून तशाच आहेत, आणि तशाच राहाव्यात असं मला वाटतं. योसेमिटीच्या दरीत अप्पर पाइन्स हे कॅम्पग्राउंड मोटरहोमला ३५ फुटांपर्यंत परवानगी देतं, पण तिथली प्रत्येक जागा तेवढी लांब नाही. आरक्षणाच्या पानावर स्वतःच्या गाडीची लांबी टाकून बघा. तीसला दिसणाऱ्या जागा आणि अडतीसला दिसणाऱ्या जागा शेजारी ठेवल्या की माझी गरज उरणार नाही.

यात पैशाचाही भाग आहे. वयाची ६२ वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा सीनियर पास मिळतो आणि त्यावर केंद्र सरकारच्या बहुतेक कॅम्पग्राउंडचं भाडं निम्मं होतं. ज्यांची गाडी तिथे मावत नाही त्यांच्या खिशात हा पास असून नसल्यासारखा.

चाळिशी ओलांडली की कायदाही आडवा येतो. कॅलिफोर्नियात ४० फुटांहून लांब मोटरहोमसाठी वेगळा, बिगरव्यावसायिक क्लास बी परवाना लागतो. टेक्सासमध्ये लांबीऐवजी वजन बघतात: २६,००० पौंडांच्या वर गेलात की तिथेही वेगळा परवाना. मागच्या लेखांकात कोणी टेक्सासचा पत्ता पक्का केला असेल तर ही नोंद त्यांच्यासाठी.

उंचीबद्दल जाता जाता एक सांगतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये एक रेल्वेपूल आहे. ११ फूट ८ इंचांच्या त्या पुलाने इतक्या ट्रकांची आणि मोटरहोमची छपरं सोलली की त्याच्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. २०१९ मध्ये तो ८ इंचांनी उचलला. पण मोठ्या क्लास एची उंची छपरावरच्या एसीसकट १२ ते १३ फूट भरते, त्यामुळे करमणूक पूर्ण थांबलेली नाही. आपल्या गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगपाशी चिकटवा.

आता वजन. इथे बहुतेकांची फसगत होते. फोर्डच्या ई-४५० या सांगाड्यावर २४ फुटी क्लास सी बांधतात आणि ३२ फुटीही बांधतात. दोन्हीची कमाल वजनमर्यादा बहुधा तीच, १४,५०० पौंड. घर जितकं लांब तितकं ते स्वतःच जड, म्हणजे तुमच्या सामानासाठी उरणारा आकडा कमी. मोठी गाडी घेतली म्हणून जास्त सामान नेता येईल हा समज इथे साफ उलटा पडतो. कपाटं भरपूर असतात, पण ती भरायला परवानगी नसते. पाणी गॅलनला ८.३ पौंड, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच संपले. दाराजवळ पिवळा स्टिकर असतो, त्यावर सामानाची क्षमता लिहिलेली असते. विक्रेता सोफ्याचं कापड दाखवत असेल तेव्हा तुम्ही तो स्टिकर वाचा. लांब घर हवंच असेल तर त्याला पेलणारा सांगाडा घ्या. फोर्डचा एफ-५३ वेगवेगळ्या वजनक्षमतांत, २६,००० पौंडांपर्यंत मिळतो.

स्वयंपाकघराचं गणित आपल्या माणसांसाठी जरा वेगळं आहे. छोट्या मोटरहोमला बहुतेक वेळा ३० अ‍ॅम्पची जोडणी असते: १२० व्होल्टला ३,६०० वॅट. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात एसी दीड हजार खातो, मायक्रोवेव्हही जवळपास तेवढेच. त्यात इंडक्शनवर कुकर चढवलात की खटका पडलाच म्हणून समजा. मोठ्या गाड्यांची ५० अ‍ॅम्पची जोडणी दोन तारांवर मिळून १२,००० वॅट देते; तिथे हा प्रश्न येत नाही. पाण्याचंही तसंच. आधी भरते ती ग्रे टँक, म्हणजे भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची टाकी. डाळ-तांदूळ धुणं, कढई घासणं, चहाची चार भांडी. एका वाडग्यात जेवणाऱ्या जोडप्याच्या निम्म्या दिवसांत आपली टाकी भरते. म्हणून हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) नसलेल्या जागी राहायची हौस असेल तर लांबीआधी ग्रे टँकचा आकडा विचारा. फोडणी मात्र कोणत्याही लांबीत बाहेरच्या शेगडीवरच करावी. मोहरीचा वास पडद्यांतून जायला आठवडा लागतो.

जागा कमी पडेल ही भीती मला तितकीशी खरी वाटत नाही. तीस फुटी गाडीत चालकाची केबिन वगळून राहायला २०० चौरस फुटांच्या आसपास मिळतात. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची आणि तिच्यात आख्खी कुटुंबं वाढली. पण चाळीला व्हरांडा होता. घरात कोणाचं बिनसलं की दुसरा व्हरांड्यात जाऊन उभा राहायचा. मोटरहोमचा व्हरांडा म्हणजे बाहेर ओढलेला ऑनिंग आणि दोन खुर्च्या, आणि ऑरेगनमध्ये सलग चार दिवस पाऊस लागला की तो गेला. तेव्हा चौरस फूट मोजण्यापेक्षा मधलं सरकतं दार शोधा. एक जण आत झोपलेला असताना दुसऱ्याला दिवा लावून वाचता येतं का, फोनवर बोलता येतं का? हे २८ फुटांच्या चांगल्या मांडणीत जमतं आणि ३६ फुटांच्या वाईट मांडणीत जमत नाही.

पलंगाकडेही याच नजरेने बघा. आखूड गाड्यांमध्ये तो अनेकदा कोपऱ्यात तीन बाजूंनी भिंतीला टेकवलेला असतो. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाने दुसऱ्याला ओलांडून किती वर्षं जायचं? दोन्ही बाजूंनी उतरता येणारा पलंग ही माझ्या मते निवृत्तांच्या गाडीची पहिली अट आहे, आणि ती साधारण २७-२८ फुटांच्या पुढे सहज पूर्ण होते. दाराच्या पायऱ्या मोजा, त्यांची उंची बघा, शॉवरमध्ये बसायला जागा आहे का बघा. ही गाडी गुडघे आज आहेत तसेच राहतील असं धरून घ्यायची नाही.

याहून महत्त्वाची अट चालवण्याची. आपल्या पिढीच्या बहुतेक जोडप्यांत गाडी एक जण चालवतो आणि दुसरा नकाशा बघतो. वायोमिंगमध्ये, गावापासून ऐंशी मैलांवर, चालवणाऱ्याच्या छातीत दुखायला लागलं तर? म्हणून लांबी ठरवायची ती दोघांपैकी कमी सवय असलेल्याने. त्या व्यक्तीला जी गाडी वळवता येते, पेट्रोल पंपावर नेता येते आणि आरशांच्या भरवशावर मागे घेता येते, ती तुमची कमाल लांबी. मागे छोटी गाडी टो करत असाल तर लक्षात ठेवा की चारी चाकांवर ओढली जाणारी गाडी घेऊन रिव्हर्स जाता येत नाही. पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि टो बार वाकतो. चुकीच्या गल्लीत शिरलात तर उतरून ती सोडवणं हाच उपाय.

आणि नातवंडं? मुलाच्या दारात गाडी लावून आठ दिवस राहू, हा बेत अनेकांच्या मनात असतो. आधी मुलाला त्याच्या वसाहतीच्या एचओएचे (घरमालक संघटनेचे) नियम विचारायला सांगा. कित्येक ठिकाणी ड्राइव्हवेत मोटरहोम ठेवायला सक्त मनाई असते, काही ठिकाणी सामान चढवण्या-उतरवण्यापुरती सवलत. २४ फुटीही तिथे चालत नाही. त्या भेटीसाठी जवळचं कॅम्पग्राउंडच धरून चला आणि नातवंडांना तिथे बोलवा. त्यांना तेच जास्त आवडेल.

मोठ्या गाडीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. हिवाळा टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यात किंवा फिनिक्सजवळच्या एखाद्या खासगी पार्कमध्ये आणि उन्हाळा मिशिगनमध्ये, वर्षातून चार-पाच वेळाच मुक्काम हलवायचा, असा तुमचा बेत असेल तर ३८-४० फुटी डिझेल पुशर (मागे इंजिन असलेली क्लास ए) घ्या आणि आरामात राहा. खासगी पार्कांतल्या लांब, पुल-थ्रू जागा अशाच गाड्यांसाठी आखलेल्या असतात. पण दर आठवड्याला गाव बदलायची इच्छा असेल, राष्ट्रीय उद्यानं यादीत असतील, तर दोघांसाठी २८ ते ३२ फूट. त्याखाली अंग आखडतं, त्यावर वाटा आखडतात.

विकत घेण्यापूर्वी भाड्याने घेऊन बघा. क्रूझ अमेरिकासारख्या कंपन्यांकडे १९, २५ आणि ३० फुटी गाड्या मिळतात. दोन आठवड्यांसाठी घ्या, शक्यतो पावसाच्या, आणि त्यातला निम्मा प्रवास कमी सवय असलेल्याला चालवू द्या. पुढच्या आठवड्यात मागे टो करायच्या गाडीबद्दल बोलू. तोवर कोणत्याही विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नका.