जाणीव हरपलेले रुग्ण आणि सौम्य विद्युत्‌प्रेरणा

डोक्यास जबर मार बसल्याने अथवा मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटे खंडित झाल्याने रुग्ण बेशुद्ध होतो. पुढे त्याचे डोळे उघडतात. परंतु जाणीव परततेच असे नाही. काहींमध्ये केवळ प्रतिक्षिप्त हालचाली उरतात. काही मात्र मधूनच नजरेने आरशाचा मागोवा घेतात किंवा सांगितल्यावर हात हलवितात. या दुसऱ्या स्थितीस अल्पजाणीव अवस्था म्हणतात.

अशा रुग्णांसाठी शस्त्रक्रियेविना मेंदूस प्रेरणा देण्याची एक पद्धती अभ्यासली जात आहे. कपाळाच्या वरच्या भागी, डावीकडे, ओलसर स्पंजाचा विद्युत्‌अग्र ठेवून अतिशय सौम्य प्रवाह सोडतात. त्यामुळे मज्जापेशींची प्रतिसादक्षमता वाढते. बेल्जियममधील लिएज येथील संशोधकांनी २०१४ मध्ये ५५ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. दोन मिलिअँपिअर प्रवाह एकदाच २० मिनिटे दिल्यावर अल्पजाणीव अवस्थेतील ३० पैकी १३ रुग्णांत जाणिवेची नवी चिन्हे दिसली. प्रतिक्षिप्त हालचालीच उरलेल्या २५ जणांपैकी केवळ दोघांत. हा परिणामही अल्पकाळच टिकणारा होता.

म्हणजेच, जिथे जाणिवेचा अंश शिल्लक आहे तिथेच या प्रेरणेस वाव अधिक. म्हणून अचूक निदान महत्त्वाचे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत डॉक्टरांनी एकमताने जाणीवशून्य ठरविलेल्या ४४ रुग्णांपैकी १८ जणांत प्रमाणित तपासणीअंती जाणीव आढळली होती.

हा घरगुती उपाय नव्हे. मात्र रुग्णाच्या प्रत्येक सूचक हालचालीची नोंद ठेवून ती डॉक्टरांना सांगणे आणि तपासणी पुनःपुन्हा करून घेणे, हे कुटुंबीयांच्या हाती निश्चितच आहे.